सहा क्रेडिटची रेघ: समर सेमिस्टरच्या आर्थिक मदतीचे एक प्रकरण

“ताई, समरला काहीच मदत मिळत नाही का हो?”

मे 2025 मधला दुसरा सोमवार. न्यू जर्सीच्या मराठी मंडळातल्या ओळखीच्या एका बाईंचा फोन होता. मी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते. त्यामुळे मार्च ते मे या दिवसांत असे फोन येतात आणि त्यातले निम्मे उशिराच येतात. हाही उशिराच आला होता, पण पुरता हातातून गेलेला नव्हता. त्या घराच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. विद्यापीठाचे नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे मात्र हिशोबाला लागतात तसेच ठेवले आहेत.

त्यांची मुलगी सरकारी विद्यापीठात बायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. जन्म इथलाच, म्हणजे नागरिकत्वाचा प्रश्न नाही. स्प्रिंग सेमिस्टरमध्ये ऑर्गॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग झेपेना, म्हणून मार्चच्या अखेरीस तिने तो चार क्रेडिटचा कोर्स सोडला. (क्रेडिट म्हणजे कोर्सचा भार मोजण्याचे माप.) मार्कशीटवर ‘डब्ल्यू’ आला. दुसरा भाग फॉलमध्ये, म्हणजे उन्हाळ्यानंतरच्या सेमिस्टरमध्ये, आणि पुढचे सगळे त्यावर टांगलेले. समरमध्ये पहिला भाग केला नाही, तर अख्खे वर्ष मागे सरकणार होते. त्याबरोबर स्टॅटिस्टिक्सचा तीन क्रेडिटचा कोर्सही उरकावा असे तिने ठरवले. तो विद्यापीठात महाग म्हणून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातले आणि 648 डॉलर आईच्या कार्डावर भरून टाकले. केमिस्ट्रीचे विद्यापीठातले बिल आले 2,116 डॉलर. फॉल आणि स्प्रिंगला ठरावीक फी भरली की बारा क्रेडिट घ्या नाहीतर सतरा, पैसे तेवढेच. समरला मात्र बऱ्याच विद्यापीठांप्रमाणे इथेही दर क्रेडिटमागे हिशोब होता, क्रेडिटला 529 डॉलर.

एकूण 2,764. वडिलांची नोकरी जानेवारी 2024 मध्ये गेलेली, नंतर मिळेल ती कंत्राटी कामे. घर आईच्या पगारावर चाललेले. विद्यापीठाच्या पोर्टलवर समरच्या रकान्यात मदत शून्य दिसत होती.

‘समरला पेल मिळत नाही’ हे कुठून आले

पेल ग्रँट म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करावी लागणारी सरकारी मदत. ती समरला मिळत नाही, हे मुलीला तिच्या चुलतभावाने सांगितले होते. तो 2012 ते 2016 या काळात शिकला आणि त्याच्यापुरते त्याचे म्हणणे बरोबर होते. एकाच वर्षात दुसऱ्यांदा पेल ग्रँट घेण्याची सोय 2009-10 मध्ये सुरू झाली आणि खर्च फार वाढतो म्हणून दोनच वर्षांत बंद झाली. फॉल आणि स्प्रिंगमध्ये पूर्ण पेल वापरून झाली की समरला हात रिकामा. ही सोय 2017-18 पासून परत आली. तरी मोठ्या भावंडांनी धाकट्यांना दिलेला सल्ला जुनाच फिरत राहिला. आमच्या खिडकीशी दर वर्षी कोणीतरी हेच वाक्य घेऊन येतो आणि दर वेळी वाटते, या एका वाक्याने किती जणांचा समर अर्ज न करताच गेला असेल.

आजचा नियम असा आहे. विद्यार्थ्याची वर्षाची जी पेल ठरते, तिच्या दीडशे टक्क्यांपर्यंत एका एड इयरमध्ये, म्हणजे मदतीच्या हिशोबाच्या वर्षात, मिळू शकते. पहिले शंभर टक्के साधारणपणे फॉल आणि स्प्रिंगमध्ये संपतात. वरचे पन्नास टक्के समरसाठी उरतात, पण त्यांना एक अट आहे: त्या सत्रात किमान हाफ-टाइम, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याला सहा क्रेडिट हवीत. सरकारी कर्जालाही हीच सहा क्रेडिटची रेघ आहे. फॉल-स्प्रिंगमध्ये ज्याची पेल काही उरली असेल, म्हणजे एखाद्या सेमिस्टरला तो नऊच क्रेडिटला होता, त्याला ती उरलेली रक्कम तीन क्रेडिटवरही मिळू शकते. हाफ-टाइमची अट फक्त वरच्या पन्नास टक्क्यांना आहे. हा बारकावा ऑफिसात नव्याने आलेल्या माणसाच्याही नजरेतून सुटतो, म्हणून इथे थांबून सांगितला.

या मुलीने स्प्रिंगला चौदा क्रेडिटने सुरुवात केली होती आणि कोर्स सोडला तो विद्यापीठाची क्रेडिट मोजण्याची तारीख उलटल्यावर. त्यामुळे तिची स्प्रिंगची पेल पूर्ण धरली गेली आणि पहिले शंभर टक्के संपले. आता तिचे किमान सहा क्रेडिट असणे भागच होते.

“पण मावशी, माझे सातच आहेत ना? चार आणि तीन.”

घोडे तिथेच अडले होते.

सात आणि चार

विद्यापीठाच्या हिशोबात तिचे चारच क्रेडिट होते. कम्युनिटी कॉलेजातले तीन क्रेडिट तिच्या मनात होते, बँकेच्या स्टेटमेंटवर होते, पण विद्यापीठाच्या कागदावर कुठेही नव्हते. तिने आपल्या परीने एक उपाय केला होता: फॅफ्सामध्ये, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जात, कॉलेजांच्या यादीत त्या कम्युनिटी कॉलेजचे नाव जोडले होते. तिची समजूत अशी, की तिकडची मदत तिकडून येईल. तसे होत नाही. कम्युनिटी कॉलेजात ती पाहुणी विद्यार्थिनी होती, पदवीला नाव घातलेली नव्हती. आणि एकाच काळासाठी दोन ठिकाणांहून पेल घेता येत नाही. मदत देणारी संस्था एकच, जिथून पदवी मिळणार ती.

दोन संस्थांचे क्रेडिट एकत्र मोजायचे असतील, तर त्या दोघींमध्ये लेखी करार लागतो. त्याला कॉन्सॉर्शियम अग्रीमेंट म्हणतात. नाव भारदस्त आहे, कागद एकदोन पानांचा. विद्यार्थी वरचा भाग भरतो. पाहुणी संस्था लिहून देते, की हा विद्यार्थी आमच्याकडे इतक्या क्रेडिटला, अमुक ते अमुक तारखेपर्यंत आहे, त्याची फी इतकी आहे आणि आम्ही त्याला सरकारी मदत देणार नाही. मूळ संस्था ते क्रेडिट आपल्या मोजणीत धरते आणि मदत आपण देते. मात्र मूळ संस्थेवर असा करार करण्याची सक्ती नाही. काही विद्यापीठे समरसाठी करतच नाहीत, काही फक्त ठरलेल्या शेजारी कॉलेजांशी करतात. म्हणून कम्युनिटी कॉलेजची फी भरण्याआधी विचारायचे असते, भरल्यावर नाही.

इथे विद्यापीठ करार करत होते. सोमवारी रात्री आम्ही तिघी फोनवर बसलो. तिने पोर्टल उघडले आणि ‘समर एड’ असे शोधले. एक वेगळा अर्ज निघाला. वर लाल अक्षरांत प्राधान्याची मुदत 1 एप्रिल अशी लिहिलेली.

“गेलं मग,” आई म्हणाली.

गेले नव्हते. प्राधान्याची मुदत बहुतेक वेळा विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीसाठी असते, म्हणजे जो मर्यादित असतो आणि आधी येईल त्याला मिळतो. तो तिचा खरेच गेला होता. वर्क-स्टडीचे, म्हणजे मदतीचा भाग म्हणून मिळणारे पगारी, समरमधले कामही गेले होते. पेल मात्र हक्काचा पैसा आहे. विद्यार्थी पात्र असेल आणि फॅफ्सा वेळेत असेल, तर विद्यापीठाच्या प्राधान्य मुदतीमुळे तो बुडत नाही. उशीर झाला की रांगेत मागे उभे राहावे लागते, इतकेच.

त्या अर्जात तिला एका प्रश्नाने गोंधळवले: “समरमध्ये या विद्यापीठात किती क्रेडिट घेणार?” ती सात लिहायला निघाली होती. मी म्हटलं, इथे चारच लिही आणि खालच्या ओळीत दुसऱ्या संस्थेतले तीन वेगळे दाखव. सात लिहिले असते, तर ऑफिसच्या सिस्टिमला नोंदणीत चारच दिसले असते, फाइल बाजूला निघाली असती आणि आठवडाभर कोणाच्या हातीही लागली नसती. मी स्वतः अशा फाइली बाजूला काढते, म्हणून ठामपणे सांगते.

पुढचे दहा दिवस तिने एकटीने धावपळ केली, त्याचे मला अजून कौतुक वाटते. मंगळवारी बायॉलॉजी विभागाच्या सल्लागाराला मेल, सोबत कम्युनिटी कॉलेजच्या स्टॅटिस्टिक्सचा अभ्यासक्रम, कारण तो कोर्स तिच्या पदवीत मोजला जाणार असे विभागाने लिहून दिल्याशिवाय एड ऑफिस पुढे सरकणार नव्हते. सरकारी मदत पदवीला लागणाऱ्या कोर्सलाच मिळते, आवड म्हणून घेतलेल्या कोर्सला नाही. शुक्रवारी विभागाची सही आली. मग फॉर्म कम्युनिटी कॉलेजच्या ऑफिसात. तिथल्या बाईंनी तो परत केला, कारण तिने सत्राच्या तारखा लिहिल्याच नव्हत्या. तिथेच काउंटरवर वाकून तिने पेनने तारखा घातल्या: 7 जुलै ते 14 ऑगस्ट. सही आणि शिक्का 21 मे रोजी मिळाला. 23 मे, शुक्रवार. मेमोरियल डेच्या लाँग वीकेंडआधी विद्यापीठाच्या ऑफिसने कागद दाखल करून घेतला. केमिस्ट्रीचा वर्ग 27 मे रोजी सुरू होणार होता.

समर कोणत्या वर्षाचे?

दरम्यान वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि तोच मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोलाचा वाटला. “नवा फॅफ्सा पण भरलाय आम्ही, 2025-26 चा. समरला कुठला लागणार?”

एड इयर 1 जुलैला सुरू होते आणि 30 जूनला संपते. मे ते ऑगस्टचे समर त्या रेघेवर दोन्हीकडे पाय टाकून उभे असते. त्यामुळे ते सरत्या वर्षाच्या शेपटीला जोडायचे की येत्या वर्षाच्या डोक्यावर बसवायचे, हे विद्यापीठ ठरवते. वेगवेगळी विद्यापीठे वेगवेगळे ठरवतात. बहुतेक पालकांना ही तांत्रिक बाब वाटते. या घरासाठी मात्र सगळे त्यावरच अवलंबून होते.

कसे ते सांगते. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचे उत्पन्न बघतो. 2024-25 च्या फॅफ्सात 2022 चे उत्पन्न गेले, जेव्हा वडिलांचा आयटीतला पगार पूर्ण होता. साहजिकच स्टुडंट एड इंडेक्स, म्हणजे कुटुंब किती भार उचलू शकेल याचा सरकारी आकडा, मोठा आला आणि पेल शून्य. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी विद्यापीठाकडे विशेष परिस्थितीचे अपील केले. एड ऑफिसला तसा कायदेशीर अधिकार असतो. नोकरी जाणे, मोठा वैद्यकीय खर्च, घटस्फोट अशी कागदोपत्री सिद्ध होणारी परिस्थिती असेल, तर ऑफिस फॅफ्सातले आकडे बदलू शकते. नोकरी गेल्याचे पत्र, बेकार भत्त्याची स्टेटमेंट, आईच्या पगाराच्या स्लिपा, त्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज असे सगळे दिले. नोव्हेंबरमध्ये उत्तर आले. इंडेक्स 2,975 वर उतरला. त्या वर्षी जास्तीत जास्त पेल 7,395 डॉलर होती, त्यातून 2,975 वजा जाऊन 4,420 उरले. फॉलची अर्धी रक्कम मागाहून जमा झाली, स्प्रिंगची वेळेवर.

आता 2025-26 चा फॅफ्सा 2023 चे उत्पन्न बघतो. त्या वर्षीही वडील डिसेंबरपर्यंत नोकरीत होते. म्हणजे इंडेक्स परत आभाळाला आणि पेल परत शून्य, नवे अपील मंजूर होईपर्यंत. अपील एकाच वर्षापुरते असते, पुढच्या वर्षी ते आपोआप चालत येत नाही. विद्यापीठ समरला 2025-26 मध्ये धरत असते, तर मेमध्ये तिच्या हाती काहीच पडले नसते.

“समर 2025 तुम्ही कोणत्या एड इयरमध्ये धरता?” हा एका ओळीचा मेल तिने ऑफिसला पाठवला. उत्तर आले: 2024-25. वडिलांनी फोनवर सोडलेला श्वास मला इकडे ऐकू आला.

वडिलांची दुसरी शंका पुण्यातल्या फ्लॅटची होती. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत ती असते, म्हणून नोंदवते. स्वतः राहतो ते घर फॅफ्सात धरत नाहीत. दुसरीकडची मालमत्ता, मग ती पुण्यात का असेना, स्वतःच्या नावावर असेल तर गुंतवणूक म्हणून दाखवावी लागते, कर्ज वजा करून. यांचा फ्लॅट आजोबांच्या नावावर होता, त्यामुळे प्रश्न मिटला. पण ‘भारतातलं इथे कोणाला कळतंय’ म्हणून ते लपवण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये. फॉर्मवर तुमची सही असते, आणि विद्यार्थ्याच्या भवितव्यावर ती टांगती तलवार कशाला?

मंडळातल्याच दुसऱ्या एका आईने हे ऐकून मला विचारले, की तिच्या मुलाला हे मिळेल का. तो एच-4 व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या पालकाचे मूल म्हणून, इथे आहे. नाही मिळणार. सरकारी मदत नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारख्या काही ठरावीक गटांनाच आहे. एच-4 आणि एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांना समरमध्येही नाही आणि एरवीही नाही. हे सांगताना मला दर वेळी जड जाते, कारण ती मुले पहिलीपासून इथेच शिकलेली असतात.

हिशोब

2024-25 पासून पेल टक्केवारीने मोजतात. बारा क्रेडिट म्हणजे शंभर टक्के, सहा म्हणजे पन्नास, सात म्हणजे अठ्ठावन्न. आधी फुल-टाइम, पाऊण, अर्धा अशा पायऱ्या होत्या आणि सातव्या क्रेडिटला काही किंमत नव्हती. आता आहे. तिची वर्षाची पेल 4,420, एका सेमिस्टरची 2,210, तिचे अठ्ठावन्न टक्के म्हणजे 1,282 डॉलर.

कर्जाची गोष्ट वेगळी. समरसाठी कर्जाची वेगळी थैली नसते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वर्षाला 6,500 डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळते, त्यातले सबसिडाइज्ड, म्हणजे शिकत असताना ज्याचे व्याज सरकार भरते ते, जास्तीत जास्त 4,500. तिने फॉल-स्प्रिंगमध्ये 5,500 उचलले होते, म्हणजे 1,000 उरले, तेही अनसबसिडाइज्ड, ज्यावर पैसे हातात पडल्या दिवसापासून व्याज चढते. ज्यांनी स्प्रिंगपर्यंत सगळे उचललेले असते, त्यांना मेमध्ये कळते की समरला शिल्लक काहीच नाही. ऑगस्टमध्ये कर्ज स्वीकारताना ‘मान्य’ या बटणाशेजारी रक्कम कमी करण्याची सोय असते, तिकडे कोणी बघतही नाही. या मुलीने बघितले होते. फॉलमध्ये गरज नव्हती, म्हणून तिने हजार डॉलर सोडून दिले होते. ते समरमध्ये कामाला आले.

घ्यावेत की नाही, यावर आमचे बोलणे झाले. आईला कर्ज नको होते. “त्यापेक्षा माझ्या कार्डावर टाकते,” ती म्हणाली. तिच्या कार्डाचा व्याजदर वीस टक्क्यांच्या वर होता, सरकारी कर्जाचा त्या वर्षी 6.53 टक्के. शिवाय सरकारी कर्जाचे हप्ते शिक्षण संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू होतात. माझे मत मी स्पष्ट दिले: काढायचेच असेल तर हे काढा, कार्डाचे नको, आणि व्याज जमल्यास दर महिन्याला भरत राहा, महिन्याला पाचसाडेपाच डॉलर पडते. त्यांनी घेतले. कर्जावर सुरुवातीचे शुल्क 1.057 टक्के कापून हातात 989 आले.

म्हणजे 2,764 मधून 1,282 आणि 989 वजा जाऊन घरातून लागले 493 डॉलर. स्टॅटिस्टिक्सही विद्यापीठातच घेतला असता, तर बिल 3,703 झाले असते आणि पेल मात्र तेवढीच, 1,282. कराराच्या त्या दोन पानांनी असे 939 डॉलर वाचवले. आणि करार न करता आधी होते तसेच चालू राहिले असते, तर चार क्रेडिटवर ना पेल, ना कर्ज, आणि सगळेच्या सगळे 2,764 पदरचे.

एक गोष्ट त्यांना आधी सांगायला हवी होती, ती माझ्याकडून राहिली. मदत विद्यापीठाच्या खात्यात येते आणि आधी विद्यापीठाचे बिल भागवते. कम्युनिटी कॉलेज त्यासाठी थांबत नाही. तिथले 648 त्यांना आपल्या खिशातूनच भरावे लागले. विद्यापीठाचे बिल भागून उरलेले 155 डॉलर त्यांना जुलैत परत मिळाले, तोवर कार्डाच्या एका महिन्याचे व्याज बसले.

3 जुलै

केमिस्ट्री संपली 3 जुलैला. सहा आठवड्यांत सेमिस्टरभराचा विषय, रोज सकाळी लेक्चर, आठवड्यातून तीनदा लॅब. शेवटच्या लॅबनंतर तिने गाडीतूनच फोन केला. आवाजावरून कळत होते की ती थकली आहे. बी-प्लस मिळेल असे वाटत होते. मग म्हणाली, “मावशी, स्टॅट्स सोडू का? फॉलमध्ये घेईन. आता डोकं चालत नाही. कॉलेज पैसे पण परत देतंय, सोमवारच्या आत सांगितलं तर.”

समरच्या मदतीतला सर्वांत खोल खड्डा हाच. फॉलमध्ये सगळे कोर्स एकाच आठवड्यात सुरू होतात, समरमध्ये एकापाठोपाठ एक. पेल सात क्रेडिट धरून जूनमध्येच जमा झाली होती. नियम असा, की ज्या कोर्सला विद्यार्थी बसलाच नाही, त्याचे क्रेडिट मोजणीतून काढून पेल परत मोजावी लागते. स्टॅटिस्टिक्स सुरू व्हायच्या आत सोडला, तर सातचे चार होणार. चार म्हणजे हाफ-टाइमच्या खाली. वरच्या पन्नास टक्क्यांची अट तुटली की अठ्ठावन्नाचे तेहतीस टक्के होत नाहीत, शून्य होतात. विद्यापीठ 1,282 डॉलर परत घेणार आणि तेवढे बिल तिच्या नावावर उभे राहणार. कर्जाचे 989 तर अजून आलेलेच नव्हते, कारण त्या ऑफिसने ते दुसऱ्या सत्राचा वर्ग सुरू झाल्यावर द्यायचे ठेवले होते. म्हणजे केमिस्ट्री उत्तम पास होऊनही 2,116 डॉलर पूर्ण देणे, आणि देणे थकले की फॉलच्या नोंदणीला अडथळा. कम्युनिटी कॉलेजकडून 648 परत मिळवायला जावे आणि इकडे 2,271 गमवावेत, असा तो व्यवहार.

हे सगळे मी तिला गाडी बाजूला लावायला सांगून सावकाश सांगितले. ती काही वेळ गप्प होती. मग विचारले, “आणि बसले, पण जमलं नाही तर?”

बसून मध्येच सोडले, तर हिशोब वेगळा होतो. सत्राचा किती भाग पूर्ण केला यावर किती मदत ‘कमावली’ ते ठरते, आणि समरच्या तुकड्यातुकड्यांच्या सत्रांसाठी त्यात सूटही आहे. पण मी तिला त्यात शिरू दिले नाही. तिला त्या क्षणी नियम नको होता, झोप हवी होती. मी म्हटलं, शुक्रवार-शनिवार झोप, रविवारी पुस्तक उघड, सोमवारी वर्गात जा. पहिला आठवडा बघ आणि मग मला फोन कर.

तो फोन आला नाही. सोमवारी 7 जुलैला ती वर्गात होती.

ऑगस्टनंतर

स्टॅटिस्टिक्समध्ये तिला बी मिळाला. कम्युनिटी कॉलेजची अधिकृत मार्कशीट विद्यापीठात पोहोचेपर्यंत कराराची फाइल बंद होत नाही आणि पुढची मदत अडू शकते. म्हणून निकाल लागल्याच्या दिवशीच तिने ती मागवली. हे मी सांगितले नव्हते. करारनाम्याच्या शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत ते लिहिलेले होते, तिने वाचले होते.

तिचे एकूण क्रेडिट आता 62 झाले. साठ ओलांडल्याने ती तिसऱ्या वर्षाची धरली गेली आणि कर्जाची वार्षिक मर्यादा 7,500 झाली. मी म्हटलं, मर्यादा वाढली म्हणून कर्ज वाढवायचं नाही, आणि तिने मान्य केले. मदत चालू राहण्यासाठी शिक्षणात प्रगती दाखवावी लागते, त्या निकषाची भीती तिला मार्चपासून होती. विद्यापीठे साधारणपणे घेतलेल्या क्रेडिटपैकी 67 टक्के पूर्ण व्हावेत असे बघतात. एका डब्ल्यूने तिचे 59 पैकी 55 झाले होते, म्हणजे 93 टक्के, त्यामुळे तिकडे धोका नव्हताच. पेलची आयुष्यभराची मर्यादा 600 टक्के असते. तिने आतापर्यंत 129 वापरले.

पुढच्या समरला तिला पुन्हा कोर्स घ्यावा लागेल असे दिसते, म्हणून तिला एक तारीख वहीत लिहून ठेवायला सांगितली आहे: 1 जुलै 2026. त्या दिवसापासून सरकारी कर्जाची वार्षिक मर्यादा फुल-टाइमपेक्षा कमी क्रेडिट असतील तर त्या प्रमाणात कमी होणार आहे. सहा-सात क्रेडिटचे समर करणाऱ्यांना याची झळ लागू शकते. म्हणून 2026 च्या समरला तिचे विद्यापीठ कोणत्या एड इयरमध्ये धरते, हे या वेळी तिने मेमध्ये नाही, जानेवारीतच विचारायचे आहे. समरचा अर्जही फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो तेव्हाच भरायचा आहे, म्हणजे विद्यापीठाच्या निधीतलेही काही हाती लागेल.

2025-26 चे अपील वडिलांनी जुलैच्या मध्याला दाखल केले. मागच्या वर्षीचे कागद फोल्डरमध्ये होते, ते पुरले नाहीत. ऑफिसने 2024 चे टॅक्स रिटर्न आणि या वर्षीच्या कंत्राटी कामाच्या पावत्या मागितल्या. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या दुसऱ्या भागाचे लेक्चर सुरू झाले, तेव्हा फाइलची स्थिती पोर्टलवर ‘तपासणी चालू’ अशी होती. आई रोज सकाळी चहा घेताना ते पान उघडून बघते.